घराचा दिवस आणि नगराचा आराखडा

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. मुंबईत पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर कार्यालयाच्या वेळेची गर्दी दाटली होती. अवचित पाऊस आला. भिजू नये म्हणून पुढचे लोक जागीच थांबले आणि मागून प्रत्येक गाडीतून नवे लोक येत राहिले. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. पुढे चौकशी झाली, नुकसानभरपाई दिली गेली, स्थानकाचे नावही २०१८ मध्ये 'प्रभादेवी' झाले. भारतीय सैन्यदलाच्या अभियंत्यांनी अवघ्या काही महिन्यांत तेथे नवा पूल उभा करून दाखविला. याचा अर्थ, पूल बांधणे हे काही अशक्यप्राय काम नव्हते. प्रवाशांच्या तक्रारी जुन्याच होत्या आणि नव्या पुलाला कागदोपत्री मंजुरीही मिळालेली होती. मग उणीव होती ती कशाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या परिसराचा इतिहास पाहावा लागतो. परळ, लालबाग, लोअर परळ, प्रभादेवी हे एके काळचे गिरणगाव. तेथील माणसाचा दिवस गिरणीच्या भोंग्याने बांधलेला होता. तीन पाळ्या, चालत जाता येईल इतक्या अंतरावरची चाळ, चाळीच्या खाली वाण्याचे दुकान, जवळच शाळा आणि गल्लीच्या टोकाला मारुतीचे देऊळ. कामगाराला गिरणीत पोहोचण्यासाठी गाडीची गरज क्वचितच पडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हे जग मोडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्विकास शक्य केला, २००१ च्या दुरुस्तीने तो मालकांना अधिक सोयीचा झाला आणि धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत काम करणारा माणूस चाळीत राहत नव्हता. तो बोरिवलीहून, ठाण्याहून, डोंबिवलीहून, विरारहून येत होता, आणि सकाळच्या त्याच दोन तासांत येत होता. वस्तीचा अवघा दिवस पालटला. जिना मात्र तेवढाच राहिला. जमिनीचे चौरस फूट कोणी मोजले, मजले कोणी मोजले, वाहनतळाच्या जागाही कोणी मोजल्या. या नव्या खुर्च्यांवर बसणारी माणसे सकाळी कोठून निघतील, काय काय उरकून निघतील आणि कोणत्या जिन्याने उतरतील, हा प्रश्न इमारतींना अनुज्ञा देणाऱ्या यंत्रणेच्या कामकाजात कोठे बसतच नव्हता.

फेरी मोजली, माणूस सुटला

नगराच्या वाहतुकीचा अंदाज बांधण्याची जी पद्धती जगभर रूढ झाली, ती १९५० च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉईट आणि शिकागो या शहरांच्या अभ्यासातून घडली. महायुद्ध संपले होते, घरोघरी मोटारी येत होत्या आणि रस्ते किती रुंद बांधावेत, हा तेथील राज्यकर्त्यांपुढचा प्रश्न होता. त्यासाठी चार पायऱ्यांचे गणित बसविले गेले. शहराचे विभाग पाडायचे आणि प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतात ते काढायचे. त्या कोठून कोठे जातात ते ठरवायचे. त्यांतील किती मोटारीने आणि किती बसने किंवा रेल्वेने जातील याची वाटणी करायची. आणि शेवटी त्या फेऱ्या रस्त्यांच्या जाळ्यावर पसरवून कोणता रस्ता तुंबतो ते पाहायचे. रस्ते बांधण्यासाठी हे गणित उपयोगी होते, यात शंका नाही. मुंबईतही १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने वाहतुकीचा आराखडा केला आणि त्यात द्रुतगती मार्गांची कल्पना मांडली. पुढील कित्येक दशके या महानगराच्या नियोजनावर त्या विचाराची छाया राहिली.

या पद्धतीचा मूलभूत दोष असा, की तिच्या लेखी माणूस नाही, फेरी आहे. प्रत्येक फेरी सुटी, स्वतंत्र आणि मागच्यापुढच्याशी संबंध नसलेली. प्रत्यक्ष जीवनात तसे घडते काय?

डोंबिवलीत राहून मुंबईच्या एखाद्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या गृहिणीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे उठून डबे, पाणी, देवपूजा. मुलाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवून रिक्षाने स्थानक गाठायचे. ठरलेली जलद लोकल चुकली तर पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. सायंकाळी परतताना स्थानकाबाहेर भाजी घ्यायची, सासूबाईंची औषधे घ्यायची, मुलाला शिकवणीहून आणायचे आणि मग घर. गणिताच्या वहीत या सगळ्याच्या सहा-सात फेऱ्या होतील आणि प्रत्येक वेगळ्या रकान्यात जाऊन पडेल. परंतु तिच्यासाठी तो एकच दिवस आहे आणि त्यातील प्रत्येक कडी दुसरीत अडकलेली आहे. शाळेची बस दहा मिनिटे उशिरा आली की लोकल चुकते, लोकल चुकली की हजेरीवर लाल शेरा पडतो, आणि तिकडे सायंकाळी शिकवणीच्या दारात मूल ताटकळते.

आता समजा, गर्दी कमी करण्यासाठी कार्यालयांच्या वेळा बदलाव्यात असे कोणी सुचविले. ही सूचना मुंबईत वारंवार झाली आहे. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने स्वतःच्या मुंबईतील कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या वेळा विभागून या दिशेने पाऊलही टाकले आणि इतर आस्थापनांना तसे आवाहन केले. पाऊल स्तुत्यच आहे. तथापि, कार्यालय दोन तास उशिरा सुरू झाले तर या गृहिणीची सकाळ सुकर होईल, की संध्याकाळची शिकवणी, भाजी आणि स्वयंपाक यांची सगळी घडी विस्कटेल? तिच्या घरात आजी-आजोबा असतील तर एक उत्तर येईल, नसतील तर दुसरे. चार पायऱ्यांच्या गणिताला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण त्याला घर ठाऊक नाही.

दिनचर्येचे शास्त्र

या उणिवेवर बोट ठेवणारा विचार स्वीडनमधून आला. लुंड येथील भूगोलशास्त्रज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात प्रादेशिक नियोजनाच्या शास्त्रातील माणसाचे काय, असा साधाच प्रश्न केला. त्यांचे म्हणणे असे, की माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो आणि त्याच्यापाशी दिवसाचे २४ तासच असतात. त्याच्या हालचालींना तीन मर्यादा बांधून ठेवतात. पहिली शरीराची : झोप, अन्न, चालण्याचा वेग. दुसरी संगतीची : कोणाबरोबर, कोठे, किती वाजता असणे भाग आहे. तिसरी अधिकाराची : कार्यालय, दुकान, रुग्णालय, बँक कधी उघडी असते. या मर्यादांच्या आत जो अवकाश उरतो, तेवढेच त्या माणसाचे स्वातंत्र्य. प्रवास ही त्याची हौस नसते. दिवसाची कामे निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे तो त्याला करावा लागतो.

या विचाराला पुढे संगणकाची जोड मिळाली. अमेरिकेत १९९० मध्ये हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला, तेव्हा केवळ रस्ता किती तुंबतो एवढे सांगून भागेना. कोणत्या वेळी, कोण, किती वाहन चालवितो हे कळणे आवश्यक झाले. अणुबाँबच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत 'ट्रान्सिम्स' नावाचा प्रकल्प हाती घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मोशे बेन-अकिव्हा आणि जॉन बोमन यांनी माणसाच्या संपूर्ण दिवसाच्या वेळापत्रकाचे गणित बांधले. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे 'अल्बाट्रॉस' आणि बर्लिन व झ्युरिक येथील संशोधकांच्या सहकार्यातून 'मॅटसिम' ही प्रणाली सिद्ध झाली. टेक्सास विद्यापीठातील भारतीय वंशाचे प्राध्यापक चंद्रा भट हे या शास्त्रातील अग्रगण्य अभ्यासकांपैकी एक मानले जातात, ही अभिमानाची बाब होय.

या प्रणालींचे काम कसे चालते? जनगणना आणि घरोघरच्या सर्वेक्षणाच्या आधारे संगणकात त्या शहराची एक प्रतिसृष्टी उभी केली जाते. तीत काल्पनिक कुटुंबे असतात. परंतु त्यांची सदस्यसंख्या, वय, उत्पन्न, वाहन यांचे प्रमाण खऱ्या शहरासारखेच असते. प्रत्येक पात्राला दिवसाचा एक बेत दिला जातो : अमुक वाजता निघणे, मुलाला सोडणे, कामावर जाणे, बाजार करणे, परतणे. मग ही लक्षावधी पात्रे रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या जाळ्यावर एकाच वेळी सोडली जातात. कोणाला कोंडी लागते, कोणाची गाडी चुकते. ज्याचा दिवस बिघडला, तो दुसऱ्या आवर्तनात थोडा लवकर निघून पाहतो, मार्ग बदलतो किंवा दुचाकी सोडून बस धरतो. अशी आवर्तने पुनःपुन्हा करीत गेल्यावर अशी स्थिती येते, की बेत बदलून कोणाचा फारसा लाभ होत नाही. मग त्या प्रतिसृष्टीत एखादा पूल घालून पाहता येतो, शाळेची वेळ बदलून पाहता येते, बसचे भाडे निम्मे करून पाहता येते. काँक्रीट ओतण्याआधी चुका संगणकात करून घेतलेल्या काय वाईट?

माणसाच्या निवडीचा अभ्यास केला तर अंदाज किती सुधारतो, याचे एक उदाहरण या शास्त्राच्या पूर्वेतिहासात आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७२ मध्ये 'बार्ट' ही जलद रेल्वे सुरू झाली. प्रवाशांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील, असा अधिकृत अंदाज होता. डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने व्यक्ती कशी निवड करते याचे गणित मांडून ६.३ टक्क्यांचे भाकीत केले. प्रत्यक्ष आकडा ६.२ टक्के निघाला. २००० साली मॅकफॅडन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते निवडीच्या याच शास्त्रासाठी. सार्वजनिक पैशातून मोठमोठे प्रकल्प उभारणाऱ्या प्रत्येक शासनाने हा धडा गिरविण्यासारखा आहे.

एकटा माणूस की कुटुंब?

येथवर पाश्चात्त्यांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मोकळ्या मनाने घेतले पाहिजे. चांगली विद्या कोठूनही घ्यावी, ही आपली परंपराच आहे. परंतु उसन्या अंगरख्याचे माप आपल्या अंगाला बसते की नाही, हे घालण्यापूर्वी पाहायला हवे.

या प्रणालींतील बहुतेकींचा मूळ घटक एकटी व्यक्ती हा असतो. ती व्यक्ती स्वतःचा अधिकाधिक लाभ पाहणारी असते. तिच्या लेखी प्रवास म्हणजे तोटा आणि गंतव्यस्थानी घालविलेला वेळ म्हणजे नफा. कुटुंब नंतर जोडले जाते. याच दोषाची जाणीव होऊन पाश्चात्त्य संशोधकांनीही अलीकडच्या काळात घरातील माणसांच्या एकत्रित निर्णयांचा अभ्यास वाढविला आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली. माणूस म्हणजे केवळ अर्थार्जन करणारा देह नव्हे. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा तो संकलित आविष्कार आहे आणि व्यक्ती व समष्टी यांच्यात मूलतः विरोध नाही, हे त्या मांडणीचे सार. नगररचनेच्या शास्त्राला हे तत्त्व लावून पाहिले, तर त्याचा अगदी व्यावहारिक अर्थ निघतो.

भारतीय घरात दिवसाचा बेत एकट्याने ठरत नाही. घरात एकच दुचाकी असते; ती आज वडिलांनी न्यायची की मुलीने, हे आदल्या रात्री ठरते. निवृत्त आजोबा नातवाचे बोट धरून शाळेत जातात म्हणून सुनेला आठ वाजताची गाडी मिळते. आजोबांचा गुडघा दुखू लागला की त्या घरातील चार माणसांचा दिवस बदलतो. आता शाळेपर्यंतचा पदपथ उखडलेला असेल, रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा नसेल आणि आजोबांना ती वाट झेपेनाशी झाली, तर काय होईल? मुलासाठी रिक्षा लागेल किंवा सून नोकरीच्या वेळा बदलेल, कदाचित नोकरीच सोडेल. एका उखडलेल्या पदपथाची किंमत ही अशी असते. व्यक्ती-व्यक्तींच्या फेऱ्या मोजणाऱ्या अहवालात ती कधीही दिसणार नाही, कारण आजोबांची फेरी पायी आहे, बिनपैशाची आहे आणि कोणत्याही कार्यालयाकडे जात नाही.

दुसरी गोष्ट कालगणनेची. नियोजनाचा अभ्यास 'सर्वसाधारण कामाचा दिवस' गृहीत धरून होतो. भारतीय नगरात असा दिवस शोधू गेल्यास पंचांग आड येते. मंगळवारी प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला लागणारी रांग, अंगारकीला मध्यरात्रीपासून येणारे भाविक, गणेशोत्सवाचे दहा दिवस, ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांचा पुण्यातील दोन दिवसांचा मुक्काम, नवरात्र, लग्नसराई : हे सर्व वर्षानुवर्षे, तिथीनुसार, आधीच ठाऊक असलेल्या क्रमाने घडते. त्याला 'अपवादात्मक गर्दी' म्हणून बाजूला सारणे हे अशास्त्रीय आहे. परळच्या पुलावरची ती सकाळही दसऱ्याच्या आदल्या दिवसाची होती, याचे स्मरण येथे ठेवावे. जे पंचांगात आधीच छापलेले आहे, त्याला आकस्मिक म्हणण्याचा अधिकार नियोजकाला नाही.

मातृशक्तीचा गौरव आणि तिचा वेळ

हा दोष केवळ परकीय पद्धतीच्या माथी मारून मोकळे होणे मात्र योग्य नव्हे. कुटुंबव्यवस्था हा हिंदू समाजाचा आधार आहे असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि ते खरेही आहे. ही व्यवस्था ज्या माऊलीच्या वेळेवर उभी आहे, तिचा वेळ समाजाने कधी मोजला काय?

केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने २०१९ मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले. घरची विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांवर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात, असे त्यात आढळले. मुळात अशी कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के आणि पुरुषांमध्ये २६.१ टक्के होते. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांचा वेळ २८९ मिनिटांवर आणि पुरुषांचा ८८ मिनिटांवर आला. म्हणजे जवळजवळ पाच तास. नोकरी असो वा नसो, तिच्या दिवसातील हे पाच तास आधीच बांधलेले आहेत, आणि पाणी, बाजार, शाळा, दवाखाना यांच्या वेळा या पाच तासांभोवती बसवाव्या लागतात. हे सर्वेक्षण मोलाचे आहे. परंतु त्यातून वेळ कळतो. त्या वेळेत ती कोणत्या रस्त्याने, कशी आणि कितीदा गेली, हे शहराच्या नकाशावर मांडता येत नाही.

जनगणनेचीही तीच कथा. २०११ च्या जनगणनेत प्रवासाचे अंतर आणि साधन विचारले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र तो प्रश्न शेती आणि घरगुती उद्योग यांबाहेरील कामकरी माणसांपुरता आणि त्यांच्या कामाच्या ठिकाणच्या प्रवासापुरता होता. मुलाला शाळेत सोडणारी आई, औषधे आणणारे आजोबा, मंडईत जाणारी गृहिणी यांचा प्रवास राष्ट्राच्या वहीत प्रवास म्हणून नोंदलाच गेला नाही. जे नोंदले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ मध्ये पूर्ण झालेल्या व्यापक वाहतूक अभ्यासात असे दिसून आले होते, की पायी फेऱ्या धरल्या तर एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक फेऱ्या पायीच होतात. त्याच्या दोन वर्षे आधी, २००६ मध्ये, केंद्र शासनाच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे ध्येय असावे, असे स्वच्छ शब्दांत सांगितले होते. धोरण उत्तम, आकडा स्पष्ट. तरीही पायी चालणाऱ्याच्या वाट्याला काय आले? २००८ पासून मुंबई परिसरात स्थानकांबाहेर 'स्कायवॉक' उभे राहिले. हेतू चांगला होता आणि काही ठिकाणी ते उपयोगीही पडले. परंतु अनेक ठिकाणी वरचा मार्ग मोकळा आणि खालचा रस्ता गच्च, असे चित्र दिसले. याचे कारण लोकांचा आळस असे सांगितले गेले. खरे कारण कोणतीही गृहिणी सांगू शकली असती. स्थानकाकडून घरी जाणे एवढेच तिचे काम नसते. वाटेत भाजी, दूध, फुले, औषधे घ्यायची असतात आणि ती सगळी दुकाने खाली असतात. वरून चालत गेलेली बाई रिकाम्या पिशवीने घरी पोहोचेल. फेरी मोजणाऱ्याने दोन टोके पाहिली. दिवस मोजणाऱ्याने वाट पाहिली असती.

यंत्राची मर्यादा

संगणकातील प्रतिसृष्टी ही जादूची कांडी नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. तिच्यात जे भराल, तेच ती परत देईल. परदेशातील शहरांचे निष्कर्ष आणून पुणे किंवा नागपूर येथे बसविले, तर आकडे देखणे येतील आणि निर्णय चुकतील. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी नोकरी न करणाऱ्या नागरिकांच्या दैनंदिन व्यवहार आणि प्रवासाचा अभ्यास केला आहे. गृहिणी, निवृत्त वृद्ध यांच्याकडे वळलेली ही दृष्टीच आपल्या नगरांना उपयोगी पडणारी आहे. अशा कामाला महापालिकांचे पाठबळ हवे. 'मॅटसिम'सारखी प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते. तेव्हा पैशाची अडचण पुढे करण्यास फारशी जागा नाही. उणीव आहे ती आपल्या घरांच्या नोंदींची.

या नोंदींबाबत सावधगिरीही तितकीच हवी. आज माणूस कोठून कोठे गेला, हे त्याच्या खिशातील मोबाइल अखंड टिपत असतो, आणि ती माहिती बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या हाती जाते. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. घराचा दिवस ही त्या घराची खाजगी ठेव आहे. ती नगराच्या हितासाठी द्यायची, तर नावगाव वगळून, स्वेच्छेने आणि ती कोणत्या कामी वापरली जाणार हे जाणूनच दिली पाहिजे. मोबाइलच्या नोंदींची दुसरी मर्यादा अशी, की फोन कोठे गेला हे तिच्यातून कळते. का गेला, कोणासाठी गेला आणि कोणते काम राहून गेले, हे कळत नाही. मंडईत जायचे होते पण अंधाऱ्या रस्त्याच्या भीतीने गेलीच नाही, ही गोष्ट कोणत्याही उपग्रहाला दिसणार नाही. ती घरात बसून विचारावी लागते.

समाजाने पुढे यावे

शासनाने करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. लांबणीवर पडलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला. जनगणनेत आणि तिच्यापाठोपाठच्या नागरी सर्वेक्षणांत प्रवासाचा प्रश्न नोकरदारापुरता न ठेवता घरातील प्रत्येक सदस्यापर्यंत न्यावा. मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी त्याचा परिणाम वाहनांच्या वेगावर किती, यासोबतच निरनिराळ्या प्रकारच्या कुटुंबांच्या दिवसावर काय होईल, हे महापालिकेने प्रसिद्ध करावे. नव्या मनोऱ्याला परवानगी देताना जवळच्या स्थानकाचा जिना मोजावा.

परंतु सर्वच कामे शासनावर सोपविणे ही स्वयंसेवी समाजाची रीत नव्हे. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन, पर्यावरण आणि नागरी कर्तव्य हे तीन विषय शेजारी शेजारी आहेत. या तिन्हींना एकत्र बांधणारा एक साधा उपक्रम कोणत्याही वस्तीत करता येण्याजोगा आहे. एका ठरावीक दिवशी घरातील प्रत्येकाने आपला दिवस वहीत उतरावा : किती वाजता, कोठे, कोणाबरोबर, कशाने गेलो आणि काय करायचे राहून गेले. सेवावस्तीतील घरे त्यात अवश्य असावीत, कारण चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी शहरातील सर्वांत गुंतागुंतीचे वेळापत्रक रोज सांभाळते आणि तिचा दिवस कोणीच विचारत नाही. अशा दोनशे घरांच्या नोंदी, नावे वगळून, प्रभागाच्या नगरसेवकासमोर आणि महापालिकेच्या अभियंत्यासमोर ठेवल्या, तर कोणता पदपथ आधी दुरुस्त करावा, शाळेसमोर रस्ता ओलांडण्याची सोय कोठे हवी, बसची फेरी किती वाजता हवी, यावर वाद घालण्याचे कारण उरणार नाही. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हाताशी धरले, तर याच नोंदींतून त्या प्रभागाचे लहानसे प्रतिरूप संगणकावरही उभे राहू शकेल.

या उपक्रमाचा आणखी एक लाभ होईल. सायंकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून त्या वह्या वाचल्या, तर आईचे पान सर्वांत लांब निघेल. ते पान पाहून घरातील एखाद्या मुलाने दूध आणण्याचे किंवा आजीच्या औषधांचे काम आपल्या अंगावर घेतले, तर कुटुंब प्रबोधन त्याहून वेगळे ते काय? नगराचा आराखडा बदलायला वर्षे लागतील. घराचा आराखडा त्याच रात्री बदलता येईल.

आयुर्वेदाने आरोग्याचा विचार दिनचर्येपासून सुरू केला. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानात दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे. शरीराच्या आरोग्याला जो न्याय लागू, तोच नगराच्या आरोग्याला लागू आहे. गिरणगावात एके काळी भोंगा वाजे आणि अवघी वस्ती त्याच्या तालावर उठे, चाले, झोपे. भोंगा केव्हाच थांबला. आता प्रत्येक घराचे घड्याळ वेगळे आहे आणि त्या लाखो घड्याळांचा मेळ घालणे, हे नगराच्या कारभाऱ्यांचे काम आहे. त्यासाठी कोणत्या घरात किती वाजले आहेत, हे त्यांनी विचारले पाहिजे. आणि त्यांनी विचारले नाही, तर घरांनी ते सांगितले पाहिजे. परळच्या जिन्यावर गेलेल्या २३ जणांपैकी प्रत्येकाचा त्या दिवसाचा काही बेत होता, आणि संध्याकाळी कोणी ना कोणी घरी त्यांची वाट पाहत होते.